'माइक नको' म्हणणारा वक्ता आणि मागची रांग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्येष्ठांच्या निवासी संकुलात व्याख्यानमाला सुरू होते तेव्हा पहिल्या दिवशी जादा खुर्च्या मांडाव्या लागतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्याच सभागृहात ओळखीचे आठ-दहा चेहरे उरतात. मग आयोजक म्हणतात, या वयात शिकायचा उत्साह टिकत नाही. हे निदान सोयीचे आहे, बरोबर नाही. गळती बहुतेक वेळा कानापासून सुरू होते.

वयपरत्वे ऐकू येणे कमी होते ते आधी उंच पट्टीच्या आवाजांचे. बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि अर्थ बराचसा उंच पट्टीतल्या व्यंजनांत. 'साठ', 'पाठ', 'काठ' हे तीन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. मागच्या रांगेत पोहोचतो तो 'आ'. सुरुवातीचे अक्षर वाटेतच विरते. वक्ता ओरडून बोलू लागला की 'आ' आणखी मोठा होतो, 'स' आणि 'प' तिथल्या तिथेच राहतात. त्यातच अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज 6 डेसिबलने उतरतो. सभागृहात भिंतींवरून परतणारा आवाज ही घट थोडी भरून काढतो खरा, पण तोच घुमारा शब्दांवर शब्द चढवतो. म्हणून 'माझा आवाज खणखणीत आहे, मला माइक नको' म्हणणाऱ्या वक्त्याला नम्रपणे, पण ठामपणे माइक द्यावा. हा आग्रह धरण्याचे काम अध्यक्षांचे. स्वयंसेवकाला ते जमत नाही.

माइक कोणता, यालाही महत्त्व आहे. कॉलरला लावलेला माइक ओढणीला किंवा शालीला घासून खरखरतो, आणि वक्त्याने पडद्याकडे मान वळवली की आवाज पडतो. कानावरून गालाशी येणारा माइक सर्वांत बरा. उभ्या स्टँडचा असेल तर तोंडापासून वीतभर अंतरावर, त्याहून लांब नको. स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला हवेत. मागे ठेवले तर त्यांचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. मंचावर एक मोठा स्पीकर ठेवून आवाज वाढवण्यापेक्षा सभागृहाच्या मध्यावर दोन लहान स्पीकर ठेवणे चांगले. पुढच्यांचे कान किटत नाहीत आणि मागच्यांना शब्द कळतात. जाड पडदे घुमारा कमी करतात. डोक्यावरचा घरघरता पंखा व्याख्यानापुरता बंद करता आला तर करावा. श्रवणयंत्रे वापरणारे बरेच असतील तर खोलीत इंडक्शन लूप, म्हणजे माइकचा आवाज चुंबकीय लहरींनी श्रवणयंत्रांपर्यंत नेणारे तारेचे वेटोळे, बसवून घ्यावा. यंत्रात टी-कॉइल (या लहरी पकडणारी छोटी गुंडाळी) असेल तर माइकचा आवाज थेट यंत्रात येतो, मधला गलका गाळून.

खरी कसोटी प्रश्नोत्तरांत लागते. पुढच्या रांगेतून प्रश्न येतो, वक्ता मान डोलावून उत्तर सुरू करतो, आणि सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या दृष्टीने ते उत्तर कशाचेच नसते. प्रश्न माइकवर पुन्हा म्हणण्याची सक्ती करा, किंवा मध्यंतरात चिठ्ठ्या गोळा करा. चिठ्ठीचा आणखी एक फायदा असा, की प्रश्नाच्या नावाखाली होणारे उपव्याख्यान आपोआप आखडते.

डोळ्यांचेही तसेच. साठीत दृष्टिपटलावर पोहोचणारा प्रकाश विशीतल्याच्या सुमारे एक तृतीयांश असतो आणि भिंग पिवळसर झाल्याने निळ्या-हिरव्या छटा एकमेकींत मिसळतात. स्लाइडवर अक्षर 28 पॉइंटपेक्षा लहान नको, ओळी सहाच्या पुढे नकोत. वक्त्यामागे उघडी खिडकी तर मुळीच नको; ऐकणारा ओठही वाचत असतो आणि उजेडाकडे पाठ असलेला चेहरा काळा दिसतो.

आता विषयांकडे. बारा व्याख्यानांच्या मालेत सात आरोग्याची आणि तीन अध्यात्माची असतील, तर ती व्याख्यानमाला नव्हे, काळजीवाहू परिपत्रक झाले. वाढत्या वयात माहिती हाताळण्याचा वेग मंदावतो. शब्दसंपत्ती आणि जमवलेली समज मात्र दीर्घकाळ शाबूत राहते. तेव्हा वेग कमी करा, विषय पातळ करू नका. ग्रहणावर बोलायचे तर सारोस चक्र, म्हणजे तसेच ग्रहण पुन्हा येण्याचा काळ, 18 वर्षे, 11 दिवस आणि सुमारे 8 तासांचे असते, हे सांगा. आणि त्या 8 तासांत पृथ्वी एक तृतीयांश फेरी फिरून गेलेली असल्याने पुढचे ग्रहण सुमारे 120 अंश पश्चिमेला सरकते, हेही सांगा. पंचाहत्तरीच्या श्रोत्याच्या आयुष्यात ते चक्र चारदा पुरे झालेले असते. असा श्रोता तरुणांच्या वर्गात मिळत नाही.

बाराची गुंफण करताना दोन विषयांना सलग तीन-तीन व्याख्याने द्यावीत आणि उरलेली सहा सुटी ठेवावीत. सगळीच सुटी असली की दर आठवड्याला पाटी कोरी होते. 1973 मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ शहरात निवृत्तांसाठीचे 'तिसऱ्या वयाचे विद्यापीठ' सुरू झाले, ते विद्यापीठाच्या आधाराने. पुढे ब्रिटनमध्ये ही कल्पना रुजली ती सभासदांनीच सभासदांना शिकवावे या रूपात. संकुलातही निवृत्त अभियंते, परिचारिका, हिशेबनीस असतातच. त्यांना 'तुमच्या आठवणी सांगा' असे मात्र सांगू नये, तास कसा सरतो ते कळत नाही. एकच प्रश्न द्यावा: पूल कशामुळे खचतो? ताळेबंदात तोटा कुठे लपतो? आणि पहिल्या खेपेला वीसच मिनिटे.

एरवी 40 मिनिटे व्याख्यान, 20 मिनिटे प्रश्न. जेवणानंतरची वेळ झोपेची, अंधार पडतानाची वेळ परतीच्या धास्तीची. सकाळी पाण्याच्या (लघवी वाढवणाऱ्या) गोळ्या घेणारे बरेच असतात, म्हणून स्वच्छतागृहाजवळच्या बाजूच्या खुर्च्या शेवटपर्यंत मोकळ्या ठेवाव्यात. खुर्च्यांना हात हवेत, कारण उठताना भार हातांवर येतो. चाकाच्या खुर्चीची जागा फक्त मागे नको, पुढेही हवी. मधली वाट किमान 90 सेंटिमीटर. आणि बारा वक्त्यांमागे दोन राखीव व्याख्याने तयार असू द्यावीत. ऐनवेळी वक्ता आला नाही आणि गाण्याच्या भेंड्या लावल्या, की पुढच्या आठवड्याचे श्रोते गेलेच म्हणून समजा.

अभिप्रायाचा कागद आलेल्यांकडून भरून घेतात, तोही 'व्याख्यान आवडले का' असा. यजमानाला वाईट वाटू नये म्हणून सगळे 'हो' लिहितात. तिसऱ्या व्याख्यानापासून यायचे थांबलेल्यांच्या दारी जावे आणि एवढेच विचारावे: कुठे बसला होतात, आणि तिथून काय ऐकू येत होते?

आपले,
ज्येष्ठांसाठी व्याख्यानमाला आखणारे काही कार्यकर्ते