दुसरा रविवार

लंडन, रविवार रात्र

तीर्थरूप मावशीस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर म्हणालीस, "तुला बालगृहात ठेवलं, ते अजून माझ्या जिवाला लागून आहे." पुढे तुला बोलवेना आणि मलाही काही सुचेना. म्हणून लिहायला बसलोय.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, बाबा त्याआधीच गेलेले. तुझ्या दोन खोल्यांत सहा माणसं आणि काकांचं काम सुटलेलं. तू मला टाकलं नाहीस, मावशी. हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही.

बालगृहानं मला जेवू घातलं, शिकवलं. ते उपकार मी विसरणार नाही. पण तिथं आपण पन्नासांतले एक असतो. ताप आला की गोळी मिळते, कपाळावर हात ठेवून बसायला कुणी मोकळं नसतं. महिन्याचा दुसरा रविवार मात्र माझा असायचा. सकाळपासून मी फाटकाजवळच्या पायरीवर. तू एसटीचे धक्के खात यायचीस, प्रगतिपुस्तक बघायचीस, नखं बघायचीस, शर्टाची गुंडी तुटली असेल तर तिथंच बसून लावायचीस. पिशवीत सुईदोरा असायचाच. ज्यांच्याकडे कुणी येत नसे, ती पोरं त्या दिवशी मैदानाच्या पार टोकाला जाऊन खेळायची. एक तेवढा माझ्याशेजारी येऊन बसायचा. त्याचीही गुंडी तू एकदा लावलीस, आठवतं? रात्री झोपेपर्यंत तो ती चाचपत होता.

आता इथलं सांगतो. इथं १९८९ च्या बालकायद्यात एक सोय आहे. सरकारच्या सांभाळात असलेल्या मुलाच्या हिताचं असेल तर, विशेषतः त्याला भेटायला घरचं कुणी येत नसेल तर, कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, त्याच्यासाठी एक माणूस शोधून द्यायचा. त्याला 'इंडिपेंडंट व्हिजिटर' म्हणतात. तो पगारी नसतो. महिन्यातून एकदा त्यानं मुलाला भेटायचं, बाहेर न्यायचं, बोलायचं. माझी पोलिसांकडची नोंद तपासली, प्रशिक्षण दिलं आणि गेल्या वर्षी बारा वर्षांच्या एका मुलाशी माझी गाठ घालून दिली. त्याचं नाव लिहिता येत नाही, तसा नियमच आहे आणि तो योग्य आहे. पहिल्याच भेटीत त्यानं विचारलं, "याचे तुला किती मिळतात?" काही नाही म्हटलं, तर त्यानं पुन्हा विचारलं. तिसऱ्या महिन्यात परत विचारलं. त्याच्या भोवतीची सगळी मोठी माणसं पगारावर येणारी आणि बदली झाली की जाणारी. मग तो दुसरं काय विचारणार?

त्याला एकदा फाउंडलिंग म्युझियममध्ये नेलं. टाकलेल्या मुलांसाठीच्या एका जुन्या संस्थेचं ते संग्रहालय. टॉमस कोरम नावाचा एक जहाजी होता. आई लहानपणीच गेलेली, अकराव्या वर्षी समुद्रावर धाडलेला. म्हातारपणाकडे झुकल्यावर लंडनच्या रस्त्यांवर टाकलेली तान्ही मुलं त्याला बघवेनात. सतरा वर्षं तो लोकांचे उंबरे झिजवत राहिला, तेव्हा कुठे १७३९ साली ही संस्था काढायला राजाची सनद मिळाली आणि १७४१ मध्ये पहिली मुलं आत आली. मूल सोडून जाताना आया एखादी खूण ठेवायच्या, पुढेमागे परत न्यायला आलो तर ओळख पटावी म्हणून. नाणं, बटण, कापडाचा तुकडा. एकीनं हेझलनटचं नुसतं टरफल ठेवलंय. परत येऊ शकल्या त्या फार थोड्या. त्या काचेपुढे मी किती वेळ उभा होतो कोण जाणे, मुलगाच म्हणाला, "चल आता." मला तुझा सुईदोरा आठवत होता. आपल्याच संस्थेच्या कारभारातून कोरमला पुढं बाजूला सारलं, तरी तो मुलांकडे यायचा थांबला नाही.

त्या जुन्या संस्थेच्या जागेवर आता मुलांचं मैदान आहे, कोरम्स फील्ड्स. बरोबर मूल असल्याशिवाय मोठ्या माणसाला तिथं आत सोडत नाहीत. फाटकाशी मी जरा थबकलो, तर हा पुढं झाला आणि म्हणाला, "हा माझ्याबरोबर आहे." मावशी, मला मान वळवून उभं राहावं लागलं.

आता कामाचं. तुमच्या समोरच्या घरातली ती दोन भावंडं, आई-वडील दोन्ही गेलेली. आजीकडून त्यांना बालगृहात हलवायचं चाललंय म्हणालीस. घाई करू देऊ नकोस. आपल्याकडे बालसंगोपन योजना आहे. अनाथ मुलांना संस्थेत न पाठवता नातेवाइकाच्या घरीच सांभाळता यावं म्हणून दर मुलामागे महिना २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा, मंजुरी बालकल्याण समिती देते. ताईला सांग, आजीबरोबर स्वतः जा. आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले, मुलांची आधार कार्डं, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, सगळं एका फायलीत लाव. पैसे हातात यायला वेळ लागतो, तोवरचा वह्यापुस्तकांचा आणि फीचा खर्च मी पाठवतो, आजीला ओशाळं वाटू देऊ नका. आणि इतकं करूनही बालगृहातच जावं लागलं, तर त्यांच्याकडे कोण जाणार आणि कुठल्या दिवशी, हे आधी ठरवा. दिवस मुलांना सांगा आणि तो चुकवू नका. तुझा गुडघा दुखतो, तेव्हा ताईनं जावं. तू सुईदोरा तेवढा तिच्या पिशवीत घाल.

गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर घे. पुढच्या रविवारी मी दिवसभर त्या मुलाबरोबर असेन, म्हणून फोन तुमच्या रात्री करीन. जागी राहा.

तुझा,
भाचा