बालाघाटातील सायकलवाटांना दोन सोयी हव्यात

महोदय,

पावसाळा सरत आला की पुण्या-मुंबईचे सायकलस्वार कोकणच्या सागरी मार्गाला किंवा वाई-महाबळेश्वरच्या घाटांना लागतात, आणि वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांमध्येही त्याच वाटांची वर्णने दरवर्षी येत राहतात. त्याच दिवसांत बीड, धाराशिव आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या सीमेवरचे बालाघाटाचे डोंगर गुडघाभर गवताने झाकलेले असतात, ओढे वाहत असतात आणि आतल्या रस्त्यांवर वर्दळ अगदी विरळ असते. परंतु तिकडे सायकल घेऊन कोणी फारसे फिरकत नाही. मराठवाड्याचे नाव निघाले की दुष्काळ आठवतो आणि 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला नेलेले पाणी आठवते. त्या लातूरला एरवी ज्या मांजरा नदीचे पाणी मिळते, तिचा उगम याच बालाघाटात, पाटोदा तालुक्यात आहे. या प्रदेशाविषयी आणि तेथे सायकलने जाणाऱ्यांच्या दोन साध्या गरजांविषयी हे पत्र लिहीत आहे.

सह्याद्रीतून हरिश्चंद्रगडाच्या बाजूने फुटलेली ही रांग आग्नेयेकडे उतरत थेट नांदेड-तेलंगणापर्यंत जाते. उत्तरेला ती गोदावरीच्या खोऱ्याकडे एकदम तुटते, तर दक्षिणेला सावकाश उतरत जाते, आणि माथ्यावर लांबच लांब पठारे आहेत. सायकलस्वाराला ही रचना फार मानवते, कारण एकदा घाट चढून वर आले की पुढचे तासन् तास लहान लहान चढउतारांचे असतात, दम पुरतो आणि नजरही मोकळी राहते. पाटोद्याच्या परिसरात तर पाण्याच्या वाटा पायांखाली कळतात. सिंदफणा येथून उत्तरेकडे गोदावरीला जाते, मांजरा पूर्वेकडे वळते आणि पुष्कळ दूर जाऊन त्याच गोदावरीला मिळते, तर सौताड्याची विंचरणा दक्षिणेकडे सीना आणि भीमेमार्फत कृष्णेला जाऊन मिळते. गोदावरी आणि कृष्णा यांच्यामधला जलविभाजक एका दिवसात सायकलने ओलांडावा, उतार कोणत्या बाजूला आहे हे मांड्यांनी ओळखावे, असा भूगोलाचा पाठ मोटारीच्या खिडकीतून मिळत नाही.

जामखेडहून पाटोद्याकडे येताना सौताड्याला रस्त्यालगत जमीन अचानक खचल्यासारखी खोल दरी लागते. कड्यावर उभे राहिले की काळ्या बसाल्टचे थर एकावर एक रचलेले दिसतात, त्यांवरून धबधबा कोसळत असतो आणि तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. श्रावणी सोमवारी तेथे गर्दी उसळते. इतर दिवशी पायऱ्या उतरताना माकडांखेरीज क्वचितच कोणी भेटते. पुढे नायगावचे मयूर अभयारण्य आहे, 1994 साली घोषित झालेले आणि जवळपास 30 चौरस किलोमीटरचे. सकाळी लवकर तिथल्या रस्त्याने गेल्यास मोरांचे केकारव दोन्ही अंगांच्या टेकड्यांवरून ऐकू येतात. सायकलला आवाज नसल्याने मोर रस्त्याच्या कडेला अगदी जवळ येईपर्यंत उठत नाहीत. मांजरसुंब्याजवळ कपिलधारचा धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी आहे, आणि तेथून नेकनूर, केज या मार्गाने अंबाजोगाईला गेले की गावाबाहेरच्या दरीत आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीचे स्थान आहे. दक्षिणेकडे वळले तर खर्ड्याचा किल्ला लागतो; 1795 साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ती याच परिसरात.

खाण्यापिण्याची आबाळ होत नाही, हेही सांगायला हवे. भूम आणि वाशी तालुक्यांत खव्याच्या भट्ट्या आहेत. पहाटे दुचाकीला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून दूध येते, कढईत ते आटत असते आणि उलथने क्षणभरही थांबू दिले जात नाही, कारण तळाला लागले की साऱ्या घाण्याला करपट वास येतो. चार-पाच लिटर दुधाचा जेमतेम किलोभर खवा होतो. त्याच खव्याचे पेढे कुंथलगिरीच्या जैन सिद्धक्षेत्रापाशी मिळतात, आणि दिवसभर पायडल मारलेल्या माणसाला ते किती आधार देतात हे सांगून कळणार नाही. दसऱ्याच्या सुमारास रस्त्याकडेला बायका सीताफळांच्या पाट्या घेऊन बसतात. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी डोंगरातल्या झाडाचे, डोळे नुकतेच उघडलेले फळ जागेवर बसून खाणे वेगळेच आहे.

येणाऱ्यांनी तयारी मात्र करून यावी. पठारावर वेडी बाभूळ माजलेली आहे, तिचे काटे जाडजूड टायरमधूनही आरपार जातात, म्हणून दोन जादा ट्यूब जवळ असाव्यात. पंक्चरचे दुकान बहुतेक फाट्यांवर सापडते, परंतु नव्या महागड्या सायकलींचा बारीक व्हॉल्व्ह तिथल्या हवेच्या नळीला बसत नाही; पितळेचा छोटा अडॅप्टर खिशात असला तर काम भागते. दिवाळीनंतर उसाने लादलेले, मागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात आणि त्यांच्या मागच्या बाजूला अनेकदा दिवा किंवा परावर्तक पट्टीही नसते, त्यामुळे अंधारात सायकल चालवणे त्या काळात सर्वस्वी टाळावे. त्याच सुमारास गावोगावची कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. चार सायकलस्वार आल्याने हे स्थलांतर थांबेल असा दावा मी करणार नाही. तरीही श्रावण ते दिवाळी या काळात, म्हणजे माणसे गावात असतानाच, मुक्काम आणि भाकरी देणाऱ्या घरांच्या हाती थोडे रोख पैसे पडतील, आणि त्यासाठी कोणाला कर्ज काढून बांधकाम करावे लागणार नाही.

आता सोयींविषयी. पहिली गोष्ट सायकल येथपर्यंत आणण्याची. 1 जून 1948 रोजी एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला धावली, आणि बालाघाटाकडे यायची वाटही तीच आहे. पूर्वीच्या लाल गाड्यांच्या टपावर सायकली, टोपल्या, पोती असे सारे जात असे. आता टपाची सोय गेली. डिकीत जागा असली तरी सायकल घ्यायची की नाही आणि भाडे किती लावायचे, हे प्रवाशाच्या अनुभवाला येते ते वाहकाच्या मर्जीनुसार. महामंडळाने सायकलीचे ठरावीक भाडे जाहीर करून ते प्रत्येक आगारात लावावे. 17 सप्टेंबर 2025 पासून अहिल्यानगर ते बीड रेल्वेही सुरू झाली आहे. त्या गाडीत एका डब्याच्या टोकाला सायकली उभ्या करण्यापुरती जागा राखली, तर सायकल सुटी करून बांधण्याचा खटाटोप वाचेल आणि उतरल्याबरोबर निघता येईल.

दुसरी गोष्ट आतल्या रस्त्यांची. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग 52 रुंद झाला, त्याची गरज होतीच. पण सायकलचा खरा प्रवास ग्रामीण आणि इतर जिल्हा मार्गांवरून होतो, आणि तिथे फाट्यांवर गावांची नावे व अंतरे दाखवणारे फलक नसतात किंवा असलेले पुसून गेलेले असतात. दरीच्या भागात मोबाईलचे जाळेही तुटते, तेव्हा विचारायला माणूस भेटेपर्यंत थांबावे लागते. हे मार्ग चौपदरी करण्याचा आग्रह कोणी धरू नये, कडेचे लिंब आणि चिंचा तोडू नयेत. खड्डे बुजवून साइडपट्ट्या भरल्या, तरी पुरे आहे. जिल्हा परिषदांच्या बांधकाम विभागांनी फलकांचे काम येत्या पोळ्याच्या आत हाती घ्यावे आणि एसटी महामंडळाने त्याच सुमारास सायकलीच्या भाड्याचे परिपत्रक काढावे, म्हणजे हाच हंगाम पदरात पडेल.

कळावे,
आपला नम्र,
एक सायकलस्वार वाचक, बीड