बिटाच्या पाण्यात ओढण्या बुडवायला सांगू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या महिन्यात स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी कापड रंगवण्याची कृती आली होती. बीट किसा, पालक वाटा, जांभळं कुस्करा, हळद उकळा, गाळलेल्या पाण्यात कापड बुडवा आणि रंग पक्का व्हायला मूठभर मीठ नि थोडं व्हिनेगर घाला. खाली बचत गटांसाठी चौकट: बिनभांडवली घरगुती उद्योग, शंभर टक्के निरुपद्रवी. फोटो देखणे होते. तेच कापड दोन धुण्यांनंतर पुन्हा फोटोला बसवलं असतं, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

मी अमळनेरला राहते. सूत नि लोकर कातणं, रंगवणं, लहान मागावर विणणं हे माझं रोजचं काम. मुलगी पुण्याहून आली की आमच्या मागच्या पडवीला 'स्टुडिओ' म्हणते. तिथे चुलीत पऱ्हाट्या जळत असतात, दोरीवर लडी वाळत असतात आणि जर्मनच्या दोन मोठ्या पातेल्यांवर ऑइलपेंटची लाल फुली असते, घरातल्या कुणी चुकून त्यात दूध तापवू नये म्हणून. डाळिंबाची सालं उकळायला लागली की शेजारच्या आजी भिंतीपलीकडून हटकून विचारतात, "काय शिजी ऱ्हायनं व माय?"

तुमची कृती वाचून आमच्याच गल्लीतल्या एका गटाने बिटाच्या पाण्यात ओढण्या रंगवल्या आणि प्रदर्शनात विकल्या. गुलाबी असा उठला होता की हातात घेतलेली ओढणी खाली ठेववत नव्हती. पहिल्या धुण्यात पाणी गुलाबी झालं आणि ओढणी मळकट पिवळी. गिऱ्हाइकं परत आली. बायांनी पैसे परत दिले, आणि वर "हे नैसर्गिक रंग म्हणजे नुसती फसवणूक" हेही ऐकून घेतलं. पैशांपेक्षा मला ते बोलणं जास्त लागलं, कारण ते माझ्याही मालाला चिकटतं.

बिटाचा रंग सुती धाग्याला धरतच नाही, आणि उकळल्यावर तर तो आणखी बिघडतो. पालकाच्या हिरव्याचं तेच. जांभळाचा रंग साबण लागला की निळा-करडा पडतो. हळद मात्र धाग्याला झटकन धरते, तिची खोड वेगळी आहे. ती उन्हाने उडते आणि साबणाने लाल होते. साडीवरच्या हळदीच्या डागाला साबण लावून पाहिलेल्या कुठल्याही बाईला हे तुमच्या पुरवणीपेक्षा जास्त ठाऊक आहे. राहिलं मीठ. बाजारात पुडीतून मिळणाऱ्या कृत्रिम रंगांना मीठ सुती धाग्याकडे ढकलतं, म्हणून त्या पुड्यांवर तसं लिहिलेलं असतं. वनस्पतीच्या रंगाला पक्कं करणं मिठाच्या हातात नाही. कुणीतरी एकीकडची सूचना दुसरीकडे चिकटवली आणि ती फिरत राहिली.

रंग कशाने टिकतो ते पाहायला खान्देशात लांब जावं लागत नाही. रावेर-यावलकडे केळीचे घड कापणाऱ्या माणसाचा सदरा बघा. चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो, हवा लागली की तपकिरी होतो, आणि मग सदरा फाटेल पण डाग जाणार नाही. त्या चिकातली तुरट द्रव्यं, म्हणजे टॅनिन, सुती धाग्याला चिवटपणे धरून बसतात. रंगारी याच गुणाचा उपयोग करतो. सूत टॅनिनला धरतं, टॅनिन तुरटीला धरतं आणि तुरटी रंगाला. लोकरीला मधला टप्पा लागत नाही, ती तुरटी थेट घेते. म्हणून साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांकडून आणलेल्या लोकरीतली पांढरी निवडून काढली, तर तिचं काम सुतापेक्षा लवकर उरकतं.

सुताची रीत अशी. नवं मांजरपाट पाणी पीत नाही, कारण त्यावर खळ आणि कापसाचं मेण असतं. ते आधी धुण्याच्या सोड्यात उकळून काढायचं. मग टॅनिनसाठी कापडाच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून कापड त्यात रात्रभर ठेवायचं. सकाळी पिळायचं आणि न खळबळता वाळवायचं. नंतर वजनाच्या दहा ते पंधरा टक्के तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात मुरवायचं, आणि मग कुठे रंगाच्या पाण्यात तासभर मंद आचेवर. एका ओढणीला दोन-तीन दिवस सहज जातात. वर तुरटी, हिरडा, सरपण आणि पाणी. बिनभांडवली म्हणणाऱ्याने एकदा मे महिन्यात अमळनेरात पाणी भरून पाहावं. पाडळसरे धरणाचं पाणी येईल तेव्हा येईल. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की भांड्यांना पांढरी पुटं धरतात. लाल रंग देणाऱ्या मंजिष्ठाच्या मुळांना तेच पाणी मानवतं, त्यातल्या चुन्याने लाल खुलतो. पिवळ्या रंगांसाठी मी पावसाचं पन्हाळीचं पाणी पिंपात साठवते.

आता लेखात जे नव्हतं ते. बाजार समितीत लिलाव झाल्यावर कांद्याची टरफलं वाऱ्यावर उडत असतात. लाल कांद्याची घ्यावीत, पांढऱ्याच्या टरफलाला फारसा रंग नाही. तुरटीवर त्यांचा सोनेरी-तपकिरी येतो. डाळिंबाच्या सालीत टॅनिन मुळातच भरपूर, त्यामुळे हिरडा वगळला तरी चालतो. तिचा पिवळा थोड्याशा हिराकसाच्या, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या, पाण्यातून काढला की शेवाळी होतो. दसरा-दिवाळीनंतर दारादारांत सुकलेला झेंडू तर फुकटच. पळसाबद्दल मात्र खरं बोलायला हवं. फाल्गुनात सातपुडा त्याने केशरी होतो, धुळवडीला त्याचं पाणी उत्तम, पण कापडावरचा त्याचा रंग उन्हात फिका पडतो. मी पळसाचं कापड गिऱ्हाइकाला हे आधी सांगूनच देते. काही जण तरीही घेतात.

लाल रंगाचा विषय निघाला की मला आल नावाच्या झाडाबद्दल (स्वयंपाकातलं आलं नव्हे) लिहिल्यावाचून राहवत नाही. शेताच्या बांधावर दिसते ती बारतोंडी, ती याच कुळातली. वऱ्हाड-खान्देशच्या काळ्या जमिनीत आल पूर्वी रंगासाठी मुद्दाम लावत. पेरल्यावर तीनेक वर्षं थांबून मुळं खणायची, आणि रंग मुळाच्या सालीत, बारीक मुळांत सर्वांत जास्त. तुरटीवर त्याचा विटकरी लाल असा बसतो की कापड विरलं तरी रंग असतो. वह्या-चोपड्यांना घालायचा जाडाभरडा खारवा या रंगात रंगवत. 1868 मध्ये ग्रेब आणि लिबरमान या जर्मन रसायनतज्ज्ञांनी मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांतला लाल, अलिझरीन, प्रयोगशाळेत बनवला. तो स्वस्तात बाजारात आला आणि पुढच्या काही दशकांत आलाची शेती मोडली. मुळं काढायची म्हणजे झाड मारायचं. म्हणून मी बारतोंडी खणत नाही. एखाद्या शेतकरीदादाने बांध कोरताना ती उपटलीच, तर निरोप येतो आणि मी पोतं घेऊन जाते. बाभळीची सालही तोडलेल्या फांदीचीच घेते. उद्या तुमच्या चौकटीमुळे पन्नास गट सालीमागे लागले, तर बांधावर उभ्या बाभळी राहायच्या नाहीत.

आणि निरुपद्रवी कसलं? त्याच लेखात हिरव्या छटेसाठी चिमूटभर मोरचूद सुचवलं आहे. मोरचूद म्हणजे तांब्याचं क्षार. चुन्यात कालवून बागेवर फवारणारे शेतकरीसुद्धा त्याचा पंप गुरांच्या हौदावर धूत नाहीत. ते पाणी गटारीत ओतायचं की परसात, यावर लेखात एक अक्षर नाही. माझ्या पडवीत मोरचूद नाही. हिराकस आहे, तेही वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत, कारण जास्त लोखंड सुताला खातं आणि काही वर्षांनी कापड घडीवर चिरतं. नैसर्गिक रंगवणाऱ्या बाईलाही हातमोजे लागतात, तराजू लागतो, आणि लहान मुलं लांब ठेवावी लागतात.

माझी मागणी मोठी नाही. पुढच्या कुठल्याही रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापावी: बीट, पालक, जांभूळ कापडासाठी नाहीत, मीठ आणि व्हिनेगर त्यांना पक्कं करत नाहीत, मोरचूद घरात वापरू नये. बचत गटांना प्रशिक्षण देणाऱ्यांनीही आधी तराजू हातात द्यावा, मग पातेलं. विकणाऱ्याने प्रत्येक नगावर कोणती वनस्पती, तुरटी की हिराकस, आणि कसं धुवायचं, एवढं लिहावं. सविस्तर प्रमाणं हवी असतील तर मी लिहून देईन. तेवढी जागा नसेल तर निदान ही चाचणी तरी छापा: रंगवलेल्या कापडाची पट्टी अर्धी जाड पुठ्ठ्याखाली झाकून उन्हाच्या खिडकीत पंधरा दिवस ठेवावी, दुसरी पट्टी पांढऱ्या कापडाला टाचून साबणाने धुवावी. पहिली दोन रंगांची दिसली किंवा दुसरीने पांढरं कापड रंगवलं, तर तो माल विकायला काढू नये.

आपली,
एक रंगारीण, अमळनेर (जि. जळगाव)