कौतुक सरावाचेही व्हावे

दहावीच्या निकालानंतर आपल्या अंकात आलेल्या गुणवंतांच्या मुलाखती वाचल्या. 'लहानपणापासूनच हुशार' हे पालकांचे वाक्य बहुतेक मुलाखतींत आहे. मुलाने वर्षभर अभ्यास कसा केला, याला मात्र एखादीच ओळ. हे वाचणारा साठ टक्क्यांचा मुलगा आपण त्यातले नाही, असेच समजणार. कोल्हापुरात तरी असा समज रुजायला नको. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीत घडलेल्या मल्लाला मॅट आणि तिथले नियम दोन्ही नवे होते. त्यांनी ते शिकून घेतले, पुढची चार वर्षे मेहनत केली आणि 1952 मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. आपल्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेलाही 2024 मध्ये पॅरिसला पदक मिळाले, ते रेल्वेची नोकरी आणि अनेक वर्षांचा नेमबाजीचा सराव यानंतर. उपजत गुण नसतातच असे नाही (तालमीतले वस्तादही ते नाकारणार नाहीत), पण ते शिक्षकांच्या हातात नसतात. सराव करून घेणे असते. पुढच्या वर्षी नववीत गणितात मागे पडून दहावीत सावरलेल्या एखाद्या विद्यार्थ्याचीही मुलाखत छापावी. त्याने उजळणी कशी केली, कोणाची मदत घेतली, हे सविस्तर विचारावे.

– एक निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ, कोल्हापूर