ती. अण्णा, गाडी पुन्हा उघडली आहे

लिव्हिंग्स्टन, स्कॉटलंड
१९ ऑक्टोबर

ती. अण्णा व सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "गाडी फिरायला घेतलीस की उघडून बघायला?" रोखठोक प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर दोन मिनिटांत देण्यासारखं नाही. म्हणून लिहूनच पाठवतोय. दादा-वहिनींनाही वाचून दाखवा. दादाला अजून वाटतंय की ही मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेऊन मी चाकांवरचा बंगलाच घेतलाय. बंगला आहे खरा, पण जुना आणि ओल धरणारा.

आधी गाडी म्हणजे काय ते सांगतो. पुढची केबिन, इंजिन आणि चासी (खालचा सांगाडा) फियाट डुकाटो या व्हॅनची. युरोपातल्या मोटरहोमपैकी मोठा हिस्सा याच चासीवर बांधला जातो. ती इटलीत आतेस्साला तयार होते, आणि प्यूजो, सित्रोएनच्या नावानेही तीच विकली जाते. मागची खोली मात्र वेगळ्याच कारखान्यात चढवतात. दापोडीला तुमच्या एसटीच्या कारखान्यात नाही का, चासी लेलँडची नाहीतर टाटाची यायची आणि बॉडी आपली एसटीची? तसाच प्रकार. फरक बॉडीच्या जातीत आहे. तुम्ही चौकट उभी करून पत्रा चढवायचात, रिव्हेट मारायचात. इथे भिंत म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटरचा चिकटवलेला थर: बाहेर फायबरचा किंवा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये थर्माकोल आणि लाकडी पट्ट्या, आत वॉलपेपर लावलेला प्लायवुड. वजनाला हलकी, थंडीत ऊबदार, आणि पाण्यापुढे अगदी बापुडवाणी.

म्हणून या गाडीची देखभाल म्हणजे पाण्याच्या मागावर राहणं. इंजिनाचं फारसं काही नसतं. तेल, फिल्टर, ब्रेकचे पॅड ही कामं कुठल्याही व्हॅनसारखीच. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातला पट्टा, तेवढा किलोमीटर न बघता वर्षं बघून बदलायचा, कारण मोटरहोम उभी जास्त आणि चालते कमी. टायरचंही तेच. नक्षी कोरी करकरीत दिसते आणि बाजूचं रबर तडकलेलं असतं. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे तुम्ही मला शाळेत असताना वाचायला शिकवले होतेत, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. इथे ते बघायला मी गाडीखाली वाकलो की शेजारी कुतूहलाने बघतात.

वर्षातून एकदा एमओटी नावाची सरकारी तपासणी होते. ती ब्रेक, दिवे, टायर, धूर, गंज बघते. छत गळतंय का, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. ते आपलं आपण बघायचं. त्यासाठी दोन टोकदार पिना असलेलं ओल मोजायचं यंत्र मिळतं. पिना आतल्या भिंतीला टेकवायच्या, की आकडा येतो. १५ टक्क्यांपर्यंत निर्धास्त राहायचं, २० च्या वर गेला की शोधाशोध सुरू, आणि ३० च्या वर असेल तर आतलं लाकूड कुजायला लागलंय असं समजायचं. मी कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा, छतातल्या झरोक्याची चौकट असं सगळं मोजून वहीत टिपून ठेवतो. एका वेळच्या आकड्यात फार अर्थ नसतो. आकडा चढतोय का, ते महत्त्वाचं.

या खेपेला मागच्या डाव्या कोपऱ्यात तो चढलेला दिसला. पलंगाच्या वर, कपाटाच्या आत, जिथे आपण होऊन कुणी कधी बघणार नाही अशा जागी. आता पाणी कसं बेरकी असतं ते तुम्हाला मी काय सांगू? शिरतं एका जागी, लाकडाच्या पट्टीवरून सरकत जातं आणि डाग पाडतं दोन हात लांब. छत आणि भिंत जिथे मिळतात तिथे बाहेरून ॲल्युमिनियमची लांब पट्टी असते, स्क्रूंनी आवळलेली. तिच्या तोंडावरची प्लास्टिकची झालर ओढून काढली, तर आतल्या स्क्रूंपैकी काही चकचकीत आणि ओळीने पाच-सहा तांबूस गंजलेले. पाण्याने स्वतःच सही करून ठेवली होती.

तुम्ही म्हणालात, "एम-सील भर आणि मोकळा हो." अण्णा, इथे ते चालणार नाही. एम-सील दगडासारखं घट्ट होतं आणि ही बॉडी रस्त्यावर सतत पिळवटत असते. इथल्या डोंगराळ हायलँड्सच्या एकेरी रस्त्यांवर तर फारच. घट्ट झालेलं एम-सील पहिल्याच प्रवासात तडकणार. सिलिकॉनचं नाव इथले जाणकार ऐकूनही घेत नाहीत, कारण एकदा ते लागलं की त्या जागी पुढे दुसरं काहीच धड चिकटत नाही. लागतो तो ब्युटाइल नावाचा रबरी मसाला, कधीच न सुकणारा, च्युइंगगमसारखा राखाडी आणि चिवट.

पट्टी पूर्ण उतरवली. जुना मसाला प्लास्टिकच्या खरवडणीने काढला. लोखंडी पात्याने पत्र्यावर ओरखडे उठतात. मग स्पिरिटने पुसपुसून कोरडं केलं. या कामात सगळा वेळ साफसफाईतच जातो; नवीन पट्टी बसवणं म्हणजे त्यामानाने गंमत. ब्युटाइलची फीत पट्टीच्या पाठीला लावायची, स्टेनलेसचे नवे स्क्रू मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे आवळत जायचं, आणि कडेने मसाला सारखा बाहेर आला की थांबायचं. लगेच कापायचा नाही. काही दिवस तो बाहेर येतच राहतो, मग स्क्रू पुन्हा एकदा हलक्या हाताने आवळायचे आणि त्यानंतर कडा साफ करायची. आता त्या कपाटाचं दार उघडं ठेवून आत ओल शोषणारं यंत्र लावलंय. आकडा हळूहळू उतरतोय.

दुसरं पाणी टाकीतलं. हिवाळा तोंडावर आलाय. नळ्यांत राहिलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि नळाच्या आतले नाजूक भाग फोडतं. पाणी तापवायच्या बंबाला एक झडप असते. तापमान ३ अंशांच्या आसपास आलं की ती आपोआप उघडते आणि बंब रस्त्यावर मोकळा करते. बंब वाचतो, पण नळांना असं कुणी वाली नाही. म्हणून दोन्ही टाक्या रिकाम्या करायच्या, सगळे नळ गरम आणि थंडच्या बरोब्बर मधोमध उघडे ठेवायचे आणि शॉवरची तोटी खाली जमिनीवर टाकायची, म्हणजे वाकणात पाणी अडकत नाही. अनघा म्हणते, दिवाळीचा फराळ आणि टाकीचं पाणी, दोन्ही माझ्या डोक्यात एकाच वेळी असतं. तिचं खरं आहे.

गॅसला मी हात लावत नाही, हे आईला मुद्दाम सांगा. गळती नाही ना हे नोंदणी असलेला माणूस दरवर्षी तपासून कागद देतो. सिलिंडरचा कप्पा आतल्या खोलीपासून पूर्ण बंद असतो आणि त्याच्या तळाला भोक असतं. गॅस हवेपेक्षा जड, गळलाच तर खालच्या खाली निघून जावा म्हणून. ते भोक खोक्यांनी किंवा फडक्याने बुजलेलं नाही ना, एवढंच मी बघतो. आणि थंडीत लाल सिलिंडर, म्हणजे प्रोपेन. निळ्यातला ब्युटेन शून्याच्या आसपास वायूच होत नाही, सिलिंडर भरलेला असतो आणि चहा होत नाही. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायू होतो.

आता बॅटरी. "एवढे पैसे बॅटरीत?" म्हणून तुम्ही कपाळावर आठ्या आणल्यात, त्या मला फोनवरही दिसल्या. हिशोब असा. आतले दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा हे सगळं एका वेगळ्या बॅटरीवर चालतं. १०० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी पंचवीसेक किलोची. ती निम्म्याच्या खाली उतरवत गेलं की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे हाती पन्नासच. तेवढ्याच आकड्याची लिथियम आयर्न फॉस्फेट बारा-तेरा किलोची आणि जवळजवळ सगळी वापरता येते. तिचं एकच पथ्य: शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही. म्हणून ती बाहेरच्या कप्प्यातून काढून आत, सीटखाली बसवली.

पण खरी मेख अल्टरनेटरमध्ये, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या यंत्रात आहे. युरो ६ या प्रदूषण-नियमाच्या गाड्यांत तो फारच हुशार केलाय. पुढची, इंजिनाची बॅटरी भरली की डिझेल वाचवायला व्होल्टेज खाली आणतो, आणि उतारावर पाय काढला की पुन्हा वर. पूर्वीसारखा नुसता रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, टाकून मागची बॅटरी जोडली तर ती उपाशीच राहते. म्हणून मध्ये ३० अँपिअरचा एक चार्जर बसवावा लागतो. तो पुढून मिळेल ते घेतो आणि मागे हवं ते व्होल्टेज करून देतो. तार जायची-यायची मिळून १० मीटर भरली. ६ चौरस मिलिमीटरची तार घातली तर ३० अँपिअरला जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच गायब. बारा व्होल्टांत पाऊण-एक व्होल्ट म्हणजे थट्टा नाही. १६ ची घातली तर गळती एक तृतीयांश व्होल्टवर येते. मी १६ ची घातली. जाड, अडेल, कोपऱ्यात वळायलाच तयार नाही. केबिनच्या फळीखालून ओढताना ढोपरं सोलून निघाली. दोन्ही टोकांना फ्यूज, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. फ्यूज यंत्रासाठी नसतो, तारेसाठी असतो, हे तुमचंच शिकवणं.

छतावर सोलरची पाटीही चिकटवली आहे. चिकटवली म्हणजे खरंच चिकटवली, एकही स्क्रू नाही. जे छत गळू नये म्हणून मी दिवस दिवस घालवतो, त्याला मीच भोकं पाडायची हे पटत नाही. तारेपुरतं एक भोक, त्यावर टोपी. उन्हाळ्यात इथे साडेसतरा तास उजेड असतो, तेव्हा बॅटरी भरून वाहते. डिसेंबरात सूर्य भर दुपारी क्षितिजाच्या वर जेमतेम ११ अंश येतो. पुण्यात त्याच दिवशी ४८. त्यामुळे हिवाळ्यात ती पाटी म्हणजे छताला शोभा.

हे सगळं घालताना डोक्यात सतत वजनाचा काटा असतो. इथे १ जानेवारी १९९७ पासून पुढे ज्यांनी परीक्षा दिली, त्यांना साध्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचीच डिझेल गाडी चालवता येते. आधीच्यांना साडेसात टनांपर्यंत मुभा. मी अर्थातच उशिरा आलेल्यांत. कागदावरच्या रिकाम्या वजनात ड्रायव्हरचे ७५ किलो धरलेले असतात. अनघा, पोरं, सायकली, कुकर, तांदळाचा डबा यातलं काही धरलेलं नसतं. पाण्याची टाकी काठोकाठ भरली की १०० किलो तिथेच गेले. म्हणून निघताना वीस-पंचवीस लिटरच घेतो आणि मुक्कामाला पोचून भरतो. सुट्टीला निघताना गाडी एकदा भरल्या घरासकट काट्यावर चढवली, आधी पूर्ण, मग पुढची चाकं, मग मागची. मागच्या चाकांच्याही मागे लटकणाऱ्या सायकली स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार मागच्या ॲक्सलवर टाकतात आणि पुढचा तेवढा उचलतात. आमची गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी, त्यामुळे ओल्या गवतावर चाकं जागच्या जागी फिरतात. सायकली आता आत, दोन पलंगांच्या मधल्या बोळात. रात्री बाथरूमला जाणाऱ्याने पेडल चुकवायचं.

बाथरूमवरून आठवलं. गाडीतला संडास कुठे रिकामा करतात, हा आईचा प्रश्न राहिलाच, जो तिने तुमच्यासमोर विचारला नाही, वहिनीकडून विचारला. आई, खाली एक पेटी असते, सुटकेससारखी, चाकं आणि दांडा असलेली. ती बाहेरच्या दारातून ओढून काढायची आणि मुक्कामाच्या जागी तिच्यासाठी केलेल्या मोरीत रिकामी करायची. हे काम माझ्याकडे आहे. तू काळजी करू नकोस, तुला कुणी सांगणार नाही.

जूनमध्ये तुम्ही दोघं येताय असं धरूनच मी पुढचं काम काढलंय. दाराची पायरी उंच आहे आणि आईचा गुडघा. जमिनीपासून पायरी ३८ सेंटिमीटरवर येते, मध्ये आणखी एक बाहेर सरकणारी बसवणार आहे. आई आपल्या ओट्याच्या पायऱ्या न धरता चढते ना? दादाला त्यांची उंची टेपने मोजून कळवायला सांगा, मी तेवढीच ठेवीन. सोबत धरायला एक दांडाही लावतोय, पण तो कोणत्या हाताला हवा ते तिलाच विचारा. दांड्याचे स्क्रू भिंतीतल्या लाकडी पट्टीतच बसले पाहिजेत, नुसत्या थर्माकोलवर तो पहिल्याच झटक्यात हातात येईल. पट्टी कुठे आहे ते भिंतीवर टकटक करून शोधतोय.

आणि अण्णा, दापोडीला बॉडी तयार झाली की गळतीची परीक्षा कशी घ्यायचात? वरून फवारा मारून कुणाला आत बसवायचात का? मी होजपाइप धरतो आणि अनघाला टॉर्च देऊन कपाटात डोकं घालायला लावतो. ती म्हणते, यापेक्षा शहाणी पद्धत नक्की असणार, तुम्हाला विचार.

मुलांचा नमस्कार. चि. ओंकारला अनेक आशीर्वाद.

आपला,
सुहास