चि. मुक्ताला, रोस्टर बघून

मिरज,
१२ जानेवारी २०२६

प्रिय मुक्ता,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज मिळाला. नुसता अंगठा पाठवलास, म्हणजे राग अजून आहे. असू दे, माझाही थोडा आहे.

बारशाला सगळ्यांदेखत मी "सोड असली पायलटची नोकरी" म्हणाले, ते तुला लागलं. पण पाळण्याची दोरी हातात धरून तू बसल्या बसल्या झोपलीस. मामी म्हणाली, "बाईंनी ऑटोपायलट लावलाय," आणि सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. तुझे डोळे अर्धे उघडे होते गं. दोरी हलत होती आणि तू तिथे नव्हतीस.

वर तू म्हणालीस, "आई, तुला त्यातलं काय कळतं?" विमानातलं नाही कळत. नाइट ड्युटीतलं कळतं. पहाटे दोन ते सहा शरीर सगळ्यात खाली असतं, त्याला तुमच्या पुस्तकात भारी इंग्रजी नाव आहे, तूच दाखवलं होतंस. आम्हाला नाव माहीत नव्हतं, पण जोगळेकर सिस्टरांचा नियम होता की तीननंतर इंजेक्शन भरायचं तर अँप्यूलवरचं नाव दोघींनी मोठ्याने वाचायचं. एकीने वाचलेलं चालायचं नाही. जांभया देणारीची त्यांना काळजी नसायची, तिला निदान झोप आल्याचं कळतंय म्हणायच्या. "मी ठीक आहे सिस्टर" म्हणणारीला त्या आधी चहाला पाठवायच्या. तू फोनवर हल्ली फार वेळा "मी ठीक आहे" म्हणतेस.

पायलटच्या विश्रांतीचे नवे नियम आले आणि डिसेंबरात इंडिगोची विमानं धडाधड रद्द झाली, तेव्हा संदीपकाकांनी ग्रुपवर लिहिलं होतं, "पायलटना काय झोपायचा पगार देतात?" तू ग्रुप म्यूट केलायस म्हणून तुला माहीत नाही, मी त्यांना हे एवढं लांब उत्तर दिलं. पेपरातली कात्रणं समोर ठेवून. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांची ४८ झाली, रात्र पहाटे पाचपर्यंत धरायचे ती आता सहापर्यंत, रात्रीच्या ड्युटीत सहा लँडिंगपर्यंत चालायचं ते दोनवर आलं. हे नियम ठरले जानेवारी २०२४ मध्ये, लागू व्हायचे होते त्याच जूनपासून, आणि पूर्ण लागू व्हायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. महिनाभरात विमानं अडकली तेव्हा त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारीपर्यंत सूट. झोपेलाही मुदतीची सूट देता येते, हे मला नवीनच. काकांनी त्यावर हात जोडल्याचं चित्र टाकलं. बाबा म्हणाले, कशाला नादाला लागतेस. पण माझ्या मुलीच्या झोपेबद्दल कुणी असं बोललं तर मी गप्प बसणार नाही, मग तो सख्खा दीर का असेना.

त्यांना मी मंगळूरच्या विमान अपघाताची आठवण करून दिली. तुझ्यापुढे तो विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं, पण निघालाच आहे तर लिहिते. २२ मे २०१०, दुबईहून रात्रभर आलेलं विमान, सकाळी सहाची वेळ. टेपवर सुरुवातीचा एक तास चाळीस मिनिटं बोलणंच नाही, कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज आहे. मग ते जागे झाले आणि कामाला लागले, पण झोपेतून उठलेल्या माणसाचं डोकं लगेच जागं होत नाही. विमान फार उंचावरून उतरायला लागलं. बाजूच्या, फर्स्ट ऑफिसरच्या खुर्चीतून तीन वेळा सांगितलं गेलं, गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर चला. १६६ पैकी आठ वाचले. मुक्ता, ती बाजूची खुर्ची तुझी आहे. मी तो अहवाल वाचताना सारखी त्या खुर्चीत तुलाच बघत होते.

बघ, लागले ना व्याख्यान द्यायला. हे सगळं तुला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असणार, माझ्यापेक्षा जास्त. माफ कर.

तरी एक विचारते. उड्डाणाआधी नळीत फुंकायला लावतात, दारूचा थेंब सापडला तर उभं करत नाहीत. योग्यच आहे. पण सतरा तास जागा असलेला माणूस थोडी दारू घेतलेल्यासारखाच वागतो, असं तूच मला सांगितलंस. त्याच्यासाठी नळी कुठाय? ते ज्याचं त्यानेच सांगायचं. आणि तू सांगत नाहीस. "फटीग, थकवा म्हटलं की फोन येतात, प्रश्न विचारतात, त्यापेक्षा पोट बिघडलं म्हणावं," हे तू हसत हसत सांगितलंस. आणि पोट बिघडल्याचंही दर वेळी म्हणत नाहीस, कारण तास कमी भरले की पगार कमी आणि पाच तारखेला हप्ता. हो ना? हप्त्याचं आम्ही बघू. बाबांनी तासगावच्या जमिनीच्या उरलेल्या तुकड्यासाठी माणूस आणून दाखवला परवा. तुला सांगू नको म्हणालेत, तेव्हा मी सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी इंडोनेशियात दोन्ही पायलट एकाच वेळी झोपले होते, २८ मिनिटं. दीडशे माणसं मागे. विमान वाट सोडून भरकटलं, उतरलं सुखरूप. त्यातल्या एकाच्या घरी महिन्याची जुळी होती. सगळे त्याला नावं ठेवत होते आणि मला त्याची बायको दिसत होती. तीही जागीच असणार.

तुला आठवतं का, मी नाइट करून आले की तू दारावर पाटीचा कागद चिकटवायचीस? "आई झोपली आहे. बेल वाजवू नये. अर्जंट असेल तर मागच्या दाराने." आणि स्वतः पायरीवर बसून राहायचीस. एकदा भंगारवाल्याला तू अशी दटावलीस की तो पुढे आमच्या गल्लीत आवाजच काढायचा नाही. नानांनाही तू मागच्या दाराने आणलंस, त्यांच्याच घरात. तेवढ्याशा पोरीला कळत होतं की या बाईला झोपू द्यायला हवं. तोच हट्ट आता स्वतःसाठी कर ना.

बाबा तुझ्या विमानाने दिल्लीला गेले होते, तो किस्सा अजून संपलेला नाही. "फर्स्ट ऑफिसर मुक्ता" अशी घोषणा झाली आणि त्यांनी शेजारच्या सरदारजींना उठवून सांगितलं. बिचारा झोपला होता. बँकेत सांगून झालं, कट्ट्यावर सांगून झालं, आता दूधवाल्याला सांगतात. मी नाही सांगत कुणाला. मी फ्लाइट रडारवर तुझं विमान उतरलेलं बघते आणि मग पोळ्यांना लागते.

तुझं रोस्टर बाबांनी मोठ्या अक्षरात छापून आणलंय. त्यांना १९ आणि २० तारखेच्या मधे बारा तास दिसतात. मी मांडलं तर विमानतळावरून मरोळला यायला एक, जायला एक, आंघोळ-जेवण, युनिफॉर्मची इस्त्री, आणि खालच्या मजल्यावरचं ड्रिलिंग. झोपेला साडेपाच उरतात, तेही भर दुपारी. बारा तास कागदावरच.

तर मंडईतल्या दुकानातून काळं जाड कापड आणलंय, उजेड आरपार येत नाही असं. पडदे मी मशीनवर शिवते. तिळाच्या लाडवांबरोबर विनूच्या हाती पाठवते, तो गुरुवारी मुंबईला येतोय. खिडकीचं माप उद्यापर्यंत कळव. चौकटीच्या बाहेरून घे, चारी बाजूंनी वीतभर जास्त धर, नाहीतर कडेने ऊन येतं.

तुझी,
आई

ता. क. माप सावकाश घे. आधी झोप.