पुंडलिकाच्या देवळाजवळच्या माळवाल्या मावशींना

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

आषाढी एकादशीला चंद्रभागेच्या वाळवंटात, पुंडलिकाच्या देवळाच्या अंगाला, तुळशीच्या माळांची पाटी मांडून तुम्ही बसला होतात. नाव विचारलं तर "माऊली म्हणा की" एवढंच बोललात. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल.

आमची छकुली चार वर्षांची. आप्पा, म्हणजे माझे वडील, हेच तिचं जग. जेवायचं आप्पांच्या ताटात, झोपायचं आप्पांच्या कुशीत. आप्पा आमच्या दिंडीचे विणेकरी. वीणा एका गळ्यातून उतरली की दुसऱ्याच्या गळ्यात जायची, जमिनीला टेकायची नाही, हे पोरीला पाठ. घरी लाटणं गळ्याशी धरून ती आप्पांसारखी उभी राहते आणि दमली की ते माझ्या हातात देऊन माझ्या पाया पडते. खाली म्हणून ठेवत नाही.

त्या सकाळी स्नान उरकून दिंडी नगरप्रदक्षिणेला निघत होती. मोरपिसांच्या टोपीचा एक वासुदेव चिपळ्या वाजवत गेला आणि ही त्याच्या मागं. धोतराचा सोगा घट्ट धरलेली तिची मूठ सुटली, हे आप्पांना लगेच कळलं. पण तेवढ्यात मधून दुसरी दिंडी आली. त्यांनी वीणा शेजारच्या टाळकऱ्याच्या गळ्यात घातली आणि पळाले. आप्पांना असं पळताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मदतीचा फलक लावलेल्या एका मंडपात गेलो. खुर्चीतल्या माणसानं मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं, "फोटो आहे का?" आप्पांच्या बटणांच्या फोनमध्ये कुठला फोटो? मी माझा फोन पुढं केला, तर तो आप्पांकडं बघून म्हणतो, "म्हातारपणी झेपत नाही, तर पोरं आणता कशाला?" आप्पा काही बोलले नाहीत. त्यांची हनुवटी थरथरत होती. अजूनही त्या माणसाचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. लाखोंची गर्दी होते, पोरंबाळं हरवतात, म्हणूनच तर त्याला तिथं बसवलं होतं ना? काम राहू दे, दोन शब्द तरी बरे बोलायचे.

आणि तिकडं तुम्ही. पाटी सोडून उठायची तुमची सोय नव्हती, ऐन विक्रीची वेळ. तरी रडणाऱ्या पोरीला मांडीवर घेतलंत. उपास तुम्हालाही होता, पण पदराच्या गाठीतला राजगिऱ्याचा लाडू तिला दिलात. नाव विचारलंत तर म्हणे छकुली, आजोबांचं नाव आप्पा, गाव आप्पांचं गाव. दुसरं कुणी वैतागलं असतं. तुम्ही विचारलंत, "आप्पा काय करत्यात गं?" ती म्हणाली, "वीणा धरतात. खाली नाही ठेवत." मग समोरून जाणाऱ्या प्रत्येक विणेकऱ्याला तुम्ही हाक मारून सांगू लागलात, आणि एका दिंडीतून दुसऱ्या दिंडीत होत तो निरोप आमच्यापर्यंत आला. भोंग्यावर तोवर एक अक्षर आलं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा भोवती बघे जमले होते. आप्पांना बघून त्यांतलेही एकदोघं सुरू झाले, "काय आजोबा, लक्ष नको का?" तुम्ही आधी छकुलीला विचारलंत, "ह्येच का तुझं आप्पा?" ती झेपावली, तेव्हाच हात सैल केलात. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललात, "हरवली कुठं? पोरगी माझ्याकडं बसली हुती. आप्पा, बसा, आदी पाणी प्या."

मावशी, मला आभार मानायचे आहेत ते या बोलण्याचे. पोर तर तुम्ही दिलीतच, पण माझ्या बापाची मान चारचौघांत खाली जाऊ दिली नाहीत. मंडपातले ते शब्द घेऊन आप्पा गावी परतले असते, तर नातीला पुन्हा कधी वारीला नेलं नसतं, मला माहीत आहे. आता ते पारावर सांगतात, "आमची पोरगी पंढरपुरात मावशीकडं बसली होती." छकुलीही तसंच सांगते. गर्दीची भीती तिला शिवलेली नाही.

आप्पांनी पैसे पुढं केले तेव्हा तुम्ही हात जोडलेत. तुमच्यासारख्या माणसांच्या भरवशावरच म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया पायी पंढरीला येतात. वारीत जो तो दुसऱ्याला माऊली म्हणतो, दिवसभर म्हणतो. तुम्ही त्या दिवशी खरोखर आई झालात.

पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाल्यावर आम्ही तुम्हाला शोधत आलो. तुमच्या जागी दुसरीच कुणी बुक्का विकत होती. पुढच्या आषाढीला दशमीपासून आम्ही पंढरपुरात असू. छकुलीनं तुमच्यासाठी राजगिऱ्याचे लाडू न्यायचं आत्ताच ठरवलं आहे आणि आप्पांना तुमच्या पाया पडायचं आहे. वयानं ते मोठे आहेत म्हणून नाही म्हणू नका.

तुमची,
छकुलीची आई